ठाणें येथील चार भिक्षु व त्यांची गुरुसेवा
(इ. स. १३२१)

शिलाहारांचें राज्य लयास गेल्यानंतर व पोर्तुगीज येण्यापूर्वीं ठाणें शहराची स्थिति काय होती, हें सांगणारीं समकालीन साधनें थोडीं आहेत. त्यांत दोन लॅटिन लेख महत्त्वाचे होत : जॉर्डानुस या डोमिनिकन भिक्षूचीं पत्रें व ओडोरिक या फ्रान्सिस्कन भिक्षूचें प्रवासवर्णन. दोहोंतहि इ. स. १३२१ सालीं ठाण्यांत झालेल्या चार भिक्षूंच्या वधाची हकीकत आहे. या हकीकतीचा विचार बहुधा धर्मासाठीं आलेलें मरण या दृष्टीनेंच होतो. तींतील सेवेचा भाग वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मंडळींत थॉमस हा वडील. इटलींतील टोलेंटिनो हें त्याचें गांव. आर्मेनियांत त्यानें काम केलें होतें; चीनमधून जॉन मॉन्तेकोर्विनो यानें धाडलेलीं पत्रें इ. स. १३०७ च्या सुमारास पोपच्या दरबारीं पोंचविणारा तोच. त्याजबरोबर पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसकडील दिमेत्रियस असे तिघे होते. दिमेत्रियस यास पुरोहिताची दीक्षा नव्हती. भाषा अवगत असल्यामुळें दुभाष्याचें काम त्याजकडे असे. होर्मुझहून हे कोल्लमकडे जावयास निघाले, परंतु त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांस ठाण्यास आणण्यांत आलें. तेथें नेस्टोरियन ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें होतीं, असें ओडोरिक लिहितो. त्यांपैकीं एका घरीं ते उतरले.

पुढें घरधनी व त्याची बायको यांच्यांत तंटा होऊन ती काजीकडे गेली, व साक्षीसाठीं या भिक्षूंचीं नांवें निघालीं. पीटर यास सामानाच्या राखणीस ठेवून बाकीचे तिघे गेले. चौकशीचा ओघ धर्मवादाकडे वळला व प्रकरण विकोपास गेलें. मलिकानें त्यांस खाडीपलीकडे पाठविलें होतें, तरी ता. ९ एप्रिल रोजीं तिघांचाहि वध झाला. सामान नेण्यास लोक आले तेव्हां पीटर आपल्या जागींच सांपडला, ता. ११ रोजीं तोहि मारला गेला. त्या वेळीं दिल्लीस घियासुद्दीन तुघलक राज्य करीत होता. सुलतानानें या कृत्याबद्दल मलिकास देहान्त शासन केलें, असें ओडोरिक सांगतो.

जॉर्डानुस तेव्हां भडोचकडे निघाला होता. वार्ता कळतांच तो परतला, व एका तरुण जेनोवाकराच्या साह्यानें त्यानें प्रेतें सोपाऱ्यास नेऊन तेथील चर्चमध्यें पुरलीं. तो थॉमसच्या पंथाचाहि नव्हता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ता. १२ ऑक्टोबर १३२१ रोजीं घोघ्याहून लिहिलेल्या पत्रांत त्यानें ही हकीकत कळविली. इ. स. १३२९ सालीं पोपनें त्यास कोल्लमचा बिशप नेमिलें.

कांहीं काळानें ओडोरिक आला. त्यानें तीं हाडें उकरून स्वच्छ वस्त्रांत गुंडाळलीं, व एक सोबती आणि एक नोकर बरोबर घेऊन तीं चीनमधील झैतून, म्हणजे हल्लींचें च्वानचौ, येथील आपल्या बांधवांच्या स्वाधीन केलीं. वाटेंत उतरल्या घरास आग लागली, सोबती बाहेर पळाले, परंतु आपण हाडांपाशींच राहिलों असें तो लिहितो. पुढें आग कशी आंवरली याविषयीं तो जो चमत्कार वर्णितो, तो इतिहासास प्रमाण मानतां येणार नाहीं. परंतु तेवढ्यावरून सगळी हकीकत टाकाऊ ठरत नाहीं. वधाच्या मुख्य गोष्टीस जॉर्डानुसच्या पत्राचा स्वतंत्र आधार आहे. आणि जळत्या घरांत आपल्या जबाबदारीपाशीं थांबणें हें मनुष्यस्वभावाच्या बाहेरचें नाहीं.

ओडोरिकनें हें वर्णन मे १३३० मध्यें पदुआ येथें सांगितलें व सोलान्याच्या विल्यमनें तें उतरून घेतलें. त्याच्या सत्तरांहून अधिक हस्तलिखित प्रती आढळल्या आहेत. जानेवारी १३३१ मध्यें ओडोरिक वारला. त्याच वर्षीं एप्रिलांत उदिने नगराच्या दप्तरीं एक नोंद पडली : ओडोरिकचा सोबती, आयर्लंडचा भिक्षु जेम्स, यास दोन मार्क द्यावे. गुरूच्या पश्चात् शिष्याच्या पदरीं पडलेली ही रक्कम क्षुल्लक खरी; पण त्या एका ओळीनें त्याचें नांव राहिलें. ज्या नोकरानें तोच भार वाहिला त्याचें नांव ओडोरिकच्या वर्णनांत नाहीं.

इ. स. १८९४ सालीं पोप लिओ तेरावे यांनीं थॉमसच्या पूजेस मान्यता दिली, व वडिलाची कीर्ति कायम झाली. परंतु त्याचें बोलणें दुसऱ्यांस समजाविलें दिमेत्रियसनें, सामान राखलें पीटरनें, प्रेतें पुरलीं जॉर्डानुसनें आणि हाडें वाहिलीं ओडोरिकनें. ख्रिस्ती भिक्षुजीवनांतील गुरुनिष्ठा अशा कामांत दिसते, आणि ठाण्याची ही हकीकत आपल्या हातीं आली तीहि त्यांच्याच योगानें.

ठाण्याहून घोडबंदराकडे जातांना मानपाडा लागतो. पुढें वसईची खाडी व तिच्या पलीकडे सोपारें. सोपाऱ्याच्या रोखानें निघालेल्या त्या ओझ्याची एकहि खूण या वाटेवर नाहीं. जें आहे तें कागदांत. म्हणून जुनीं दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकांस विनंति एवढीच कीं, मोठ्या नांवांखालीं दुभाषे, राखणदार व भारवाहक यांच्याविषयीं एखादी ओळ आढळल्यास ती किरकोळ म्हणून सोडूं नये, नकलून ठेवावी.