संहितेवाचून निघालेली बस

१९६७ सालच्या डिसेंबरच्या २६ तारखेस, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, इंग्लंडातील कुटुंबे सणाच्या भोजनानंतर आजीआजोबांसह दिवाणखान्यांत बसली असता, बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर रात्री साडेआठच्या सुमारास पर्यटकांनी भरलेली एक बस चालू लागली. ती कोठे निघाली आहे हे तिच्या प्रवाशांना ठाऊक नव्हते, आणि ती काढणाऱ्या चौघा तरुणांनाही पुरतेसे ठाऊक नव्हते. बीटल्स या बँडने स्वतः कल्पिलेला व स्वतःच दिग्दर्शित केलेला ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ हा सुमारे ५२ मिनिटांचा चित्रपट पाहून दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी जो गदारोळ केला, तो त्या चौघांच्या वाट्यास मायदेशी आलेला समीक्षकांचा पहिला मोठा धिक्कार होय. त्या धिक्काराची मीमांसा मला येथे करावयाची आहे. कारण १९६६ पासून पाच-सहा वर्षांच्या अल्पकाळात लोकप्रिय बँडांना घेऊन जे विलक्षण चित्रपट निघाले, ते पाहणाऱ्यांनी चित्रपट म्हणून मोजले आणि काढणाऱ्यांनी मात्र ध्वनिमुद्रिकेसारखे रचले, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

त्याआधीची वहिवाट अगदी सरळ होती. गाणारा लोकप्रिय झाला की त्याच्याशी चित्रपटाचा करारनामा करावयाचा, सहा-सात गाणी बसतील एवढे कथानक बेतावयाचे आणि चित्रपटाच्या जोरावर तबकड्या खपवावयाच्या, हा तो व्यवहार. एल्व्हिस प्रेस्लीचे चित्रपट त्याच मुशीतले; युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीने बीटल्सशी केलेल्या करारातही मुख्य आकर्षण चित्रपटातील गाण्यांच्या तबकडीचे हक्क हेच होते. त्या करारातून रिचर्ड लेस्टर या दिग्दर्शकाने ‘अ हार्ड डेज नाइट’सारखी चपळ कृती निर्माण केली, हे त्याचे कर्तृत्व. परंतु तिच्यातही संहिता होती, वेळापत्रक होते, आणि जमाखर्चाची वही सांभाळणारे दप्तर होते.

हे सारे बदलले ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अखेरचा तिकीटविक्रीचा जलसा करून बीटल्सनी दौरे थांबविले, आणि त्यानंतर गाणे हे रंगमंचावर म्हणावयाचे नसून फितीवर बांधावयाचे असते, अशी त्यांची धारणा झाली. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गीताची दोन निरनिराळी मुद्रणे, एक संथ आणि एक द्रुत, आणि तीही भिन्न स्वरांतली, त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन व ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी फितीचा वेग कमीजास्त करून एकमेकांस जोडली. आज ऐकणाऱ्याला तो सांधा कोणी दाखविल्यावाचून सहसा सापडत नाही. फीत कापणे, उलटी फिरविणे, एकावर एक थर चढविणे ही कामे चित्रपटाचा संकलक पिढ्यान्‌पिढ्या करीतच आला होता, तेव्हा या कारागिरीने त्याच्या मेजापर्यंत जाऊन पोहोचावे यात नवल नाही. जानेवारी १९६७ च्या अखेरीस केंटमधील नोल पार्क येथे पीटर गोल्डमन या स्वीडिश दिग्दर्शकाने त्याच गीताची जी चित्रफीत घेतली, तिच्यात चौघे गातही नाहीत व वाजवीतही नाहीत. झाडाला तारांनी जखडलेला एक पियानो आहे, आणि उलट्या फिरणाऱ्या फितीवर जमिनीवरून फांदीवर झेपावणारा मनुष्य आहे.

‘सायकेडेलिक’ हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली ऑल्डस हक्स्लेशी चाललेल्या पत्रव्यवहारात ग्रीक धातूंवरून घडविला. मनाला प्रकट करणारे, असा त्याचा अर्थ. औषधाच्या वर्णनासाठी निघालेला हा शब्द दहा वर्षांच्या आत पोशाख, भित्तिपत्रके, प्रकाशयोजना आणि संगीत यांवर पसरला. न्यूयॉर्कात अँडी वॉरहॉलने १९६६ च्या आरंभी व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचे अखंड वादन चित्रित केले. त्यात कॅमेरा स्वतःच उन्मादल्यासारखा पुढेमागे धावतो, आणि शेवटी गोंगाटाची तक्रार आल्यामुळे पोलीस येऊन उभे राहतात, तेही त्या चित्रपटात सामावून जाते. लंडनमध्ये पीटर व्हाइटहेडने जानेवारी १९६७ मध्ये पिंक फ्लॉइडचे वादन असेच टिपून ठेवले. परंतु हे प्रयोग मूठभर रसिकांसाठी होते. बीटल्सनी तीच रीत नाताळातल्या घराघरांत नेली, आणि खरा पेच तेथे निर्माण झाला.

एप्रिल १९६७ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात पॉल मॅकार्टनीला या सफरीची कल्पना सुचली. इंग्लंडात श्रमिक कुटुंबे सुटीच्या दिवशी ठिकाण न सांगता निघणाऱ्या बसमधून सहलीस जात, त्या जुन्या प्रथेत स्वप्नदृश्यांची भर घालावी, एवढाच तिचा गाभा. संहिता म्हणून त्याने कागदावर एक वर्तुळ काढले आणि त्याचे भाग पाडून प्रत्येकात एकेका प्रसंगाचे नाव लिहिले. दरम्यान २७ ऑगस्टला त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टीन निवर्तला, आणि ज्याने आजवर हॉटेलांपासून करारांपर्यंत सगळा बंदोबस्त चोख ठेवला होता तो कारभारीच नाहीसा झाल्यावर अवघ्या दोन आठवड्यांत, ११ सप्टेंबरला, निळ्यापिवळ्या रंगाची ती बस लंडनहून डेव्हन-कॉर्नवॉलच्या दिशेने निघाली. एप्स्टीनची उणीव पदोपदी जाणवली. डार्टमूरच्या परिसरात एका अरुंद पुलावर बस अडकून तिला मागे फिरावे लागले. शेपर्टनच्या चित्रनगरीची आगाऊ तजवीज कोणीच केली नसल्याने उरलेले चित्रीकरण केंटमधील वेस्ट मॉलिंगच्या विमानतळावर उरकावे लागले. मात्र त्या अडचणीतूनच चित्रपटातील सर्वोत्तम दृश्य हाती आले, असे माझे मत आहे: स्फोटापासून विमानांचे रक्षण करण्यासाठी उभारलेल्या काँक्रीटच्या उंच भिंती, त्यांच्या माथ्यावर हातात हात घालून डोलणारे पोलीस, आणि खाली प्राण्यांचे मुखवटे घालून ‘आय ॲम द वॉलरस’ वाजविणारे चौघे. कोणत्याही चित्रनगरीत अशा भिंती कोणाला सुचल्या नसत्या.

सुमारे दहा तासांची फीत जमली, आणि ती कापून जोडण्यात सोहोमधील संकलनाच्या खोलीत अकरा आठवडे गेले. जेथे संहिता लेखणीने लिहिली जात नाही तेथे ती कात्रीने लिहावी लागते, आणि हे चौघे ध्वनिफितीच्या बाबतीत तेच करीत आले होते. तथापि त्यांच्या रचनेचा एक आधारस्तंभ म्हणजे रंग, तो प्रक्षेपणाच्या रात्री निखळला. ब्रिटनमध्ये रंगीत दूरचित्रवाणी १ जुलै १९६७ रोजी सुरू झाली होती खरी, परंतु केवळ बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर. पहिल्या वाहिनीला ती सोय १९६९ पर्यंत नव्हती. ‘फ्लाइंग’ या वाद्यरचनेवर ढगांचे आणि भूप्रदेशाचे रंग क्षणाक्षणाला पालटत जातात, आणि त्या प्रसंगात पालटणारे रंग एवढाच काय तो विषय. कृष्णधवल पडद्यावर लोकांना दिसले ते निरनिराळ्या छटांचे करडे ढग. ५ जानेवारीला दुसऱ्या वाहिनीने तो रंगीत दाखविला, पण रंगीत संच असलेली घरे अत्यल्प होती, आणि निकाल आधीच लागून गेला होता.

आपल्या संगीत रंगभूमीने किर्लोस्कर मंडळीपासून गंधर्व मंडळीपर्यंत ‘वन्स मोअर’चा रिवाज चालविला. एकच पद तीनदा ऐकताना श्रोत्याला प्रत्येक वेळी निराळी जागा गवसे, आणि नाटकाचा ओघ तेवढा वेळ खोळंबला तरी त्याची तक्रार नसे. ग्रामोफोनने तोच अधिकार घरोघर दिला. विचित्र वाटणारी तबकडी मनुष्य दहादा ऐकतो, आणि अकराव्या वेळी ती त्याची होते. १९६७ च्या दूरचित्रवाणीला मात्र ‘वन्स मोअर’ ठाऊक नव्हता. शंभर वेळा ऐकण्यासाठी रचलेली वस्तू तिने एका संध्याकाळी, एकदाच, आणि तीही रंग काढून लोकांसमोर ठेवली.

अमेरिकेत घडलेली गोष्ट अधिक निष्ठुर आहे, आणि मला ती अधिक मोलाचीही वाटते. मंकीज हा बँड मुळात दूरचित्रवाणीच्या एका मालिकेसाठी जाहिरात देऊन जमविलेला होता. सप्टेंबर १९६६ पासून ती मालिका गाजली, तबकड्या लक्षावधींनी खपल्या, परंतु आरंभीच्या तबकड्यांवरील वाद्ये बहुतांशी इतर वादकांनी वाजविली आहेत हे उघड होताच या तरुणांवर बनावटीचा शिक्का बसला. तो पुसण्यासाठी त्यांनी १९६७ मध्ये आपली तबकडी आपणच वाजविण्याचा हक्क झगडून मिळविला, आणि पुढल्या वर्षी त्यांनी व मालिकेचे निर्माते बॉब राफेलसन व बर्ट श्नायडर यांनी मिळून त्या लोकप्रियतेची इमारतच पाडावयास घेतली. कॅलिफोर्नियातील ओहाय येथे ही मंडळी ध्वनिमुद्रक समोर ठेवून सुचेल ते बोलत राहिली, आणि त्या फितींवरून जॅक निकल्सन या तेव्हा फारशा नाव नसलेल्या नटाने राफेलसनसह ‘हेड’ची संहिता बांधली. लेखनाचे श्रेय आपणास मिळणार नाही असे कळल्यावर चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी चौघांपैकी तिघे आलेच नाहीत.

चित्रपटाच्या आरंभी चौघांपैकी मिकी डोलेन्झ एका नव्या पुलाच्या उद्घाटनाची फीत तोडून धावत येतो आणि कठड्यावरून खाली झोकून देतो. पाण्याखाली रंग उलटेपालटे होतात, जलपऱ्या येतात, आणि ‘पॉरपॉइझ साँग’ सुरू होते. पुढे हे चौघे व्हिक्टर मॅच्युअर या धिप्पाड नटाच्या केसांतील कोंडा म्हणून वावरतात, एका काळ्या पेटीत पुनःपुन्हा कोंडले जातात, आणि प्रेक्षकांच्या झुंडी रंगमंचावर चढून त्यांची लक्तरे करू लागतात तेव्हा तेथे नुसत्या निर्जीव पुतळ्या उरतात. या खेळाच्या मधोमध फेब्रुवारी १९६८ मध्ये सायगावच्या रस्त्यावर एका कैद्याला गोळी घालण्यात आली त्या प्रसंगाची खरी फीत येते, आणि तिला लागूनच किंचाळणाऱ्या एका मुलीचा चेहरा. ही किंकाळी युद्धासाठी नसून बँडसाठी आहे हे उमगते तेव्हा त्या सबंध व्यवसायाविषयी मनात जो विषाद दाटतो, तो कोणत्याही गंभीर चित्रपटाने मला याहून तीव्रतेने दिलेला नाही. अखेरीस चौघेही पुलावरून उडी टाकतात आणि पाण्याच्या एका काचपेटीत अडकून गाडीवर लादून नेले जातात.

६ नोव्हेंबर १९६८ रोजी ‘हेड’ न्यूयॉर्कात झळकला. जाहिरातींत मंकीजचे नाव नव्हते. केवळ एका अनोळखी पुरुषाचा चेहरा होता. साडेसात लाख डॉलरच्या खर्चावर उत्पन्न झाले सोळा हजारांच्या आसपास. किशोरवयीन चाहत्यांना तो कळला नाही, आणि ज्यांना कळला असता त्यांनी मंकीजचे नाव ऐकूनच पाठ फिरविली. पीटर टॉर्क वर्षाअखेरीस बँड सोडून गेला. मात्र मंकीजच्या यशाने उभ्या राहिलेल्या राफेलसन-श्नायडर यांच्या निर्मितिसंस्थेने लगोलग ‘ईझी रायडर’ काढला, आणि अमेरिकी चित्रपटाचे वळण त्याने बदलले. पुढे दृक्‌श्राव्य कॅसेटी व तबकड्या घरोघर आल्या, थांबवून आणि मागे नेऊन पाहता येऊ लागले, तेव्हा ‘हेड’ आणि ती निळीपिवळी बस या दोहोंना आपापला श्रोता, मी जाणूनबुजून श्रोता म्हणतो, मिळाला.

याच काळात, जून १९६८ मध्ये, फ्रेंच दिग्दर्शक गोदारने लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत रोलिंग स्टोन्सना एकच गाणे घडविताना चित्रित केले. संथ चालीपासून निघालेले ते गाणे सांबाच्या ठेक्यावर कसे येऊन बसते, याचा असा दस्तऐवज दुसरा नाही. चित्रीकरणाच्या दिव्यांनी स्टुडिओच्या छताने पेट घेतला तोही त्याच दिवसांत. गोदारला गाणे अपुरेच ठेवावयाचे होते, निर्मात्यांनी शेवटी पूर्ण गाणे जोडले, आणि नोव्हेंबरात लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी गोदारने एका निर्मात्यावर हात उगारला. यात माझा कौल गोदारच्या बाजूने आहे.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९६५ साली ‘हेल्प!’ या चित्रपटाच्या उपाहारगृहातील एका दृश्यासाठी भारतीय वादक बोलाविले होते, आणि तेथे बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या हाती प्रथम सतार आली. पुढल्या वर्षी ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर अनिल भागवत या तबलावादकाचे नाव छापले गेले, आणि त्या सप्टेंबरात हॅरिसन पंडित रविशंकरांकडे शिकण्यासाठी मुंबईस आला. तो पुन्हा आला जानेवारी १९६८ मध्ये, जो मॅसोट या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत करण्यासाठी. लंडनमध्ये चित्रपट पाहत घड्याळ लावून त्याने प्रत्येक प्रसंगाची लांबी नोंदवून घेतली होती. फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्या मापांनुसार शिवकुमार शर्मांचे संतूर, शहनाया आणि रिजराम देसाड यांची हार्मोनियम मुद्रित होऊ लागली. स्टुडिओत एकेरी मुद्रणाचेच यंत्र होते, म्हणून कलकत्त्याहून रेल्वेने दुपदरी यंत्र आणविण्यात आले. भिंती ध्वनिरोधक नव्हत्या; रस्त्यावरील टॅक्सी व बसचा आवाज आत येई, आणि सायंकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांची पावले ऐकू येत.

चित्रपटापुरते काम झाल्यावर १२ जानेवारीला त्याच वादकांकडून हॅरिसनने आणखी एक रचना वाजवून घेतली, जिच्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. तिच्यावर त्याने फेब्रुवारीत लंडनला आपला आवाज चढविला, आणि ‘द इनर लाइट’ या नावाने ती १५ मार्चला ‘लेडी मॅडोना’च्या पाठच्या बाजूस बाजारात आली. ‘वंडरवॉल’ मे महिन्याच्या १७ तारखेस कानच्या महोत्सवात दाखविला गेला. फ्रान्समधील उठावामुळे १९ तारखेस तो महोत्सवच बंद पडला, तोवर फोर्टात मुद्रित झालेली ती रचना इंग्लंडातील घराघरांत दोन महिने वाजून गेली होती.