आधी बरणी, मग प्रिंटर
(प्रस्तावना)

लोणच्याच्या बरणीवरचे लेबल, दिवाळीच्या फराळाच्या डब्यावरचे नाव, हळदीकुंकवाच्या वाणावरची गोल चकती, शाळेच्या वह्यांवरच्या नावपट्ट्या. घरातल्या टेबलावर थाटलेला स्टिकरचा व्यवसाय बहुधा अशाच कामांनी सुरू होतो, आणि त्यात उतरणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘प्रिंटर कोणता घेऊ?’ ही पुस्तिका त्याच प्रश्नासाठी लिहिली आहे. मात्र तिची सुरुवात प्रिंटरच्या नावांपासून होत नाही. स्टिकर कशावर लागणार, तिथे त्याला काय सोसावे लागणार आणि तो किती दिवस टिकायला हवा, हे ठरल्यावाचून प्रिंटर ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे इथे थोडक्यात सांगतो.

छपाईचा इतिहास हा शाई आणि पृष्ठभाग यांच्या नात्याचा इतिहास आहे. बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने 1796 च्या सुमारास शिळाछापाचा शोध लावला, तो तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या गुणाच्या आधारावर. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावरच. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यातली देवादिकांची रंगीत चित्रेही दगडावरूनच उतरून घरोघरी पोचली. पुढे 1935 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरी याने स्वतःच चिकटणाऱ्या लेबलांचा उद्योग उभारला, आणि शाई व कागद यांच्या जोडीला गोंद येऊन बसला. आपण घरी जे काम करणार आहोत त्याची वंशावळ ही अशी आहे.

आता आजच्या यंत्रांकडे वळू. घरगुती इंकजेटमध्ये दोन प्रकारची शाई असते. डाय शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो, तर पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. डाय शाईचे रंग झळाळतात, फोटो सुरेख येतो. पण ती ओल लागली की पसरते आणि उन्हात लवकर उडते. पिगमेंट शाई पाणी आणि ऊन अधिक सोसते. फोटो छापणाऱ्यांच्या आवडीचे एप्सनचे एल 805 आणि एल 8050 सहा रंगांचे आहेत, पण ते सहाही रंग डाय आहेत. काही टँक प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई पिगमेंट असते आणि बाकीचे रंग डाय असतात. म्हणून खोक्यावर ‘पिगमेंट’ हा शब्द दिसला की तो कोणत्या रंगाविषयी आहे, हे विचारून घ्यावे. डाय शाईवर लॅमिनेशनची फिल्म चढवता येते. मात्र स्टिकर कागदी असेल तर कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतेच.

लेझर प्रिंटरचे मूळ चेस्टर कार्लसन याच्या प्रयोगात आहे. त्याने 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात कोरड्या भुकटीची पहिली प्रतिमा उमटवली. टोनर ही प्लास्टिकची भुकटी उष्णतेने वितळून कागदाला धरते, त्यामुळे ती पाण्यात विरघळत नाही. बारीक अक्षर तिच्यात रेखीव येते, आणि देवनागरीत याचे मोल मोठे आहे. अक्षर लहान झाले की अनुस्वार भरून जातो आणि रफार शिरोरेषेला चिकटतो. खाद्यपदार्थाच्या लेबलावर एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांकही वाचता यायला हवा. लेझरची अडचण त्याच्या उष्णतेत आहे. साधे विनाइल आत घातले तर ते आकसते, गोंद मऊ होऊन रोलरला लागतो. लेझरसाठीच बनवलेला गमिंग शीट, म्हणजे मागे गोंद असलेला शीट, वापरावा.

बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या स्टिकरसाठी इको-सॉल्व्हंट यंत्रे असतात. त्यांची शाई विनाइलचा वरचा थर किंचित मऊ करून त्यात रुजते. रोलंडचे बीएन-20 हे सुमारे 20 इंची यंत्र छापते आणि कापतेही. पण अशा यंत्राला खेळती हवा आणि नियमित साफसफाई लागते, आणि छापलेला माल लॅमिनेशनआधी पुरता वाळू द्यावा लागतो. रिक्षाच्या मागच्या काचेवरची ‘आईचा आशीर्वाद’ ही अक्षरे तर छापलेली नसतातच. रेडियमवाला ती रंगीत शीटमधून प्लॉटरवर, म्हणजे पात्याने कापणाऱ्या यंत्रावर, कापून काढतो. तुमचे काम मुख्यतः असे असेल तर प्रिंटरची गरजच नाही.

पात्याचा विचार छपाईइतकाच महत्त्वाचा आहे. 5 सेमी व्यासाचा गोल स्टिकर घ्या. प्लॉटरच्या खुणांसाठी चारी बाजूंना 1.5 सेमी आणि दोन स्टिकरांत 3 मिमी जागा सोडली, तर ए-4 वर 15 स्टिकर बसतात. ‘तेरा बाय एकोणीस’ इंची शीटवर 40 बसतात. म्हणजे 500 नगांसाठी एकीकडे 34 शीट आणि दुसरीकडे 13. प्रत्येक शीट प्लॉटरवर लावणे, खुणा जुळवणे, हाफ कट (मागचा कागद न कापता फक्त वरचा स्टिकर कापणे) तपासणे यात तुमचाच वेळ जातो. शिवाय कागद मागून सरळ आत जातो की खालच्या ट्रेमधून वळसा घेऊन, हेही पाहावे. वळशात जाड स्टिकर शीट अडकतो, कधी त्याची कड आतच सुटते.

कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्याने पावसाळाही हिशेबात धरावा. दमट हवेत शीट ओल धरतो, शाई उशिरा वाळते. उघडलेले पाकीट हवाबंद ठेवावे लागते. उलट, इंकजेट पडून राहिले तर त्याच्या हेडमध्ये शाई सुकते. ज्याच्याकडे आठवड्याला एखादेच काम येते, त्याने हे विसरू नये.

पुढच्या प्रकरणांत यातला एकेक धागा सविस्तर येईल. वाचकाला एकच आग्रहाची विनंती आहे. यंत्र घेण्याआधी तुम्ही वापरणार तोच शीट घेऊन दुकानात जा आणि तुमचेच चित्र, तुमचाच मराठी मजकूर छापून घ्या. तो एक दिवस वाळू द्या. मग एक तुकडा पाण्यात बुडवा, एक उन्हाच्या खिडकीला लावा, एकावर लोणच्याचे तेल चोळा आणि चौथा तुलनेसाठी कपाटात ठेवा. दोन आठवड्यांनी चारही तुकडे शेजारी मांडून पाहा आणि त्यानंतरच पैसे मोजा.