ऊब घराची, मोळी कुणाच्या डोक्यावर?



दिवाळी सरली की आपल्या डोंगरावरच्या घरांत एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. सासऱ्यांना दार बंद हवं असतं, सुनेला धूर जायला ते उघडं हवं असतं. आजीला पहाटे चूल पेटलेली हवी असते आणि नातू म्हणतो, घरात गॅस आहे तर चूल कशाला? एकाला दोन वाकळा घेऊनही हुडहुडी भरते, दुसरा पंखा लावून झोपतो. गिझर किती वेळ चालू ठेवायचा यावरून सकाळी सकाळी शब्दाला शब्द लागतो.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणून आपण हा वाद सोडून देतो. पण त्याला जुना इतिहास आहे. आपल्या कष्टाचा, आपल्या छातीचा आणि कधी कधी जिवाचाही प्रश्न त्यात आहे. म्हणून आज महाबळेश्वरच्या थंडीची आणि घरातल्या उबेची गोष्ट सांगायची आम्ही ठरवली आहे.

आधी थंडीचं बघू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला गवतावरचं दव गोठतं, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. गंमत अशी, की त्याच पहाटे उंचावरच्या वस्तीत तापमान शून्याच्या बरंच वर असतं. असं का? रात्री जमीन आपली उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि खोलगट जागी साठते. म्हणून पाण्याकाठच्या घरातली बाई कुडकुडते आणि टेकाडावरची म्हणते, एवढी कुठे आहे थंडी? दोघींचंही खरं असतं.

जुन्या घरांत घर तापवण्याचं वेगळं साधन नव्हतं. चूल हेच साधन. तिच्यावर भाकरी व्हायची, आंघोळीचं पाणी तापायचं, तिच्या वर टांगलेलं बी-बियाणं कोरडं राहायचं, आणि धुरामुळे छपराच्या गवताला कीड लागत नसे. इथे पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. त्यामुळे आगीची गरज थंडीपुरती नव्हती. पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळायचे ते शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवरच. बाहेर अंगणात म्हाताऱ्यांची, पुरुषांची शेकोटी आणि आत बायकांची चूल, अशी वाटणी होती. शेकोटीपाशी बसायला वेळ लागतो. तो वेळ कुणाकडे होता हे वेगळं सांगायला नको. चुलीपाशी बाई होती, पण ती शेकत बसलेली नव्हती, कामात होती.

आणि एक लक्षात घ्या. जुन्या लोकांनी खोली तापवण्यापेक्षा माणूस उबदार ठेवला. माणदेशातल्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी आणि जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली वाकळ ही त्यांची खरी साधनं. वाकळ विकत आणली जात नसे. दुपारचं काम आटोपल्यावर घरातल्या बायका एकेक टाका घालून ती पुरी करत. म्हणजे आगीची ऊब असो की पांघरुणाची, ती आपल्याच हातातून आली.

आता महाबळेश्वरचा काळ बदलला तो १८२८ साली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथे हवा खाण्याचं ठिकाण वसवायला घेतलं. ही जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या राज्यातली. १८२९ साली करार होऊन इंग्रजांनी ती घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव महाराजांना दिलं. नव्या पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. इंग्रज साहेब उन्हाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर इथे येऊन राहत, पाऊस सुरू झाला की खाली उतरत. त्यांनी बंगले बांधले आणि आपल्या देशातली सवय सोबत आणली: भिंतीत बांधलेली शेकोटी आणि वर धुराडं. एका खोलीत एक आग, फक्त ऊब घेण्यासाठी. भाकरी नाही, पाणी नाही. आपल्याकडे ही नवीन गोष्ट होती. तिला लागणारं लाकूड मात्र याच डोंगरातलं आणि ते तोडून, फोडून, वाहून आणणारे हातही इथलेच.

या रानावर आधीपासूनच बऱ्याच जणांची भिस्त होती. गावकऱ्यांना सरपण लागे, जनावरांना चारा. धावड समाजाचे लोक इथल्या तांबड्या दगडातून लोखंड गाळत, त्याला लाकडाचा कोळसा लागे. पुढे सरकारने जंगल खातं उभं केलं. १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला आणि १८७८ साली त्याहून कडक कायदा आला. राखीव जंगलात काय घ्यायचं आणि काय नाही, हे आता सरकार ठरवू लागलं. ज्या रानातून आजी सहज मोळी आणत होती, तिथून आणलेली मोळी नातीच्या काळात गुन्हा ठरू लागली.

महात्मा जोतीराव फुले यांचं मूळ गाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी जंगल खात्यावर सडकून टीका केली आहे. पूर्वी गोरगरीब शेतकरी रानातली फळं, पानं, फुलं, वाळकी लाकडं आणून, विकून गुजराण करत. कायद्याने तो आधार काढून घेतला, हे त्यांनी बजावून सांगितलं. या तक्रारीत आपल्या चुलीची तक्रारही आहेच. रान राखायला हवं, हे आपल्यालाही पटतं. पण रान बंद झाल्यावर मोळीसाठी किती लांब चालावं लागलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. कोस वाढले ते बाईच्या पायाला. म्हणून घरात कुणी म्हणालं, घाल अजून दोन लाकडं, तर तिच्या डोळ्यांपुढे ते कोस येतात. आणि बाकीच्यांना वाटतं, ही उगाच कुरकुर करते.

१८८३ हे साल आणखी एका बाईमुळे आठवतं. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकायला अमेरिकेला पोहोचल्या. वय अठरा. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी जाण्याआधी श्रीरामपूर इथल्या भाषणात जाहीर सांगितलं होतं. हे श्रीरामपूर बंगालमधलं. पण फिलाडेल्फियाचा बर्फाळ हिवाळा आला, आणि नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी पडू लागली. लोक काय म्हणतील आणि शरीर काय म्हणतं, यात किती ओढाताण झाली असेल! शेवटी त्या अंग नीट झाकेल अशा गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्यांच्या खोलीतली शेकोटी नीट चालत नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर गारठा. धूर घ्यायचा की थंडी सोसायची, एवढंच त्यांच्या हाती होतं. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय एकवीस. धुरानेच आजार झाला असं आम्ही म्हणत नाही. पण धूर की थंडी, ही निवड आपल्या किती आजी-पणजींनी रोज केली असेल, ते या एका उदाहरणावरून कळतं.

आपल्याकडे ही निवड सगळ्यात अवघड होते ती बाळंतिणीच्या खोलीत. दारं-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये ही माया त्यामागे आहे. पण बंद खोलीत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपेतच माणूस जातो. निखारे लाल झाले की धोका संपला, हा समज चुकीचा आहे. धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही तो वायू येत राहतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही तेच. म्हणून शेगडी पेटवून खोलीत झोपायचं नाही, हा नियम वादाच्या बाहेर ठेवायला हवा. कुणाला असा त्रास झाला तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणायचं, मग १०८ ला फोन करायचा.

धूर कमी करायचे प्रयत्नही जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम चालायचं. तिथून स्वातंत्र्याच्या सुमाराला धुराडं असलेली मगन चूल पुढे आली. १९८० च्या दशकात सरकारने देशभर सुधारित चुली वाटल्या. त्यातल्या पुष्कळ चुली काही वर्षांत मोडल्या किंवा पडून राहिल्या. धुराडं साफ कोण करणार, फुटलं तर दुरुस्त कोण करणार, मोठं पातेलं त्यावर बसतं का, हे प्रश्न होतेच. थंड गावांत आणखी एक कारण असतं. झाकलेली चूल भांडं चांगलं तापवते, पण समोर बसलेल्याला शेक कमी मिळतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला. धूर गेला, सोबत ऊबही गेली. आता म्हातारी माणसं चुलीचा हट्ट धरतात तेव्हा त्यांना चुलीवरची भाकरी हवी असते, असं आपण समजतो. पुष्कळदा त्यांना नुसतं शेकायचं असतं.

शेक त्यांना खरंच जास्त लागतो. वय वाढलं की शरीर उष्णता कमी तयार करतं आणि थंडी लवकर लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड आणि समशीतोष्ण देशांसाठी सुचवलं, की हिवाळ्यात घर आतून निदान १८ अंश असावं, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं यांच्यासाठी त्याहून थोडं जास्त. बाई आणि पुरुष यांतही फरक आहे. मोठमोठ्या ऑफिसांत हवा किती गार ठेवायची याचं प्रमाण १९६० च्या दशकात ठरलं, ते चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या हिशेबाने. २०१५ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं, की त्या मोजमापात बायकांचं शरीर बसत नाही, म्हणून त्यांना तिथे गारठल्यासारखं होतं. तेव्हा घरातल्या कुणी थंडी वाजते म्हटलं तर ती नाटकं नव्हेत.

मग मार्ग काय? विजेचा हिशेब आधी मांडू. २,००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. १,००० वॉटचा हीटर रात्रभर आठ तास चालला की आठ युनिट. तेवढ्या विजेत ९ वॉटचा दिवा आठशे-नऊशे तास जळतो. म्हणून सगळी खोली तापवण्याआधी आजीची जागा बदलून बघू. थंड भिंतीपासून बाज लांब ओढायची, खाली गोणपाट आणि जाड अंथरूण टाकायचं, कारण थंडी खालूनही येते. झोपताना पायाशी गरम पाण्याची पिशवी, पायात मोजे, डोक्याला टोपरं. फटी बुजवायच्या, पण चूल पेटलेली असताना छपरालगतची एक खिडकी उघडी ठेवायचीच. लाकूड जाळायचं तर वाळलेलं, ओलं नाही. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे. इथलं झाड तुटलं तर वेण्णेचं पाणीही आटेल, हे आपल्याला कायद्याने सांगायची गरज नाही.

राहिला वाद. तो आग किती ठेवायची यावर होतो, पण बोलायला हवं ते वेगळंच. लाकूड कोण आणतं? बिल कोण भरतं? पहाटे उठून पाणी कोण तापवतं आणि शेवटच्या, कोमट पाण्याने आंघोळ कुणाच्या वाट्याला येते? ज्याला जास्त ऊब हवी त्याने लाकूड फोडायला, राख काढायला हात लावला तर निम्मी कुरबूर तिथेच थांबेल. आणि जिला रोज धुरात उभं राहावं लागतं तिने खिडकी उघडी म्हटलं, तर ती उघडीच राहावी.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातली ही वाटणी सांगावी. कुणाच्या घरी बंद खोलीत शेगडी पेटत असेल, तर बैठक संपल्यावर दोघींनी तिच्यासोबत घरी जावं आणि सगळ्यांसमोर बोलावं. एकटीचं ऐकत नाहीत, तिघींचं ऐकतात.