यादीतले नाव, दाखल्यातले नाव

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी, वारली या जमातींची वस्ती आहे. त्यांच्या घटनात्मक हक्कांचा आधार म्हणजे नावांची एक बंद यादी. अनुच्छेद ३४२ प्रमाणे राष्ट्रपतींनी १९५० मध्ये अनुसूचित जमातींचा आदेश काढला. त्यात नाव घालायचे वा काढायचे, तर संसदेलाच कायदा करावा लागतो.

संगणकाच्या कार्यक्रमातही अशी बंद यादी असते. तिला एनम म्हणतात. २००४ च्या जावा ५ या संगणकभाषेतली व्हॅल्यूऑफ ही सोय मजकुरावरून यादीतले नाव शोधते, पण जुळणी अक्षरशः हवी. इंग्रजीतले लहान-मोठे अक्षर बदलले तरी नाव सापडत नाही. जमातींच्या यादीपुढे हा पेच जुनाच आहे, फक्त इथे माणूस अडतो.

बोलण्यात ठाकर, कागदावर ठाकूर. म्हणून यादीतल्या एकाच नोंदीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशी सहा रूपे नोंदलेली आहेत. कातकऱ्यांचेही तसेच: काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर काथकरी, सोन काथोडी, सोन कातकरी. ही सोय चांगली होती, पण अपुरी. ठाकूर हे आडनाव जमातीबाहेरही आहे. अक्षरे जुळली म्हणून माणूस जुळलाच, असे होत नाही.

१९७६ पूर्वी ठाकूर या नोंदीला तालुक्यांची चौकट होती. ठाणे जिल्ह्यातल्या ज्या तालुक्यांत ती लागू होती, त्यांत शहापूर आणि मुरबाड होते. चौकटीबाहेरच्या तालुक्यात राहणाऱ्याचे नाव तेच असूनही यादीत बसत नसे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही अट काढली. तो २७ जुलै १९७७ पासून अमलात आला. अन्याय दूर झाला, पण तालुका पाहून नाव ओळखण्याची जुनी खूणही गेली. पडताळणीचा भार कागदपत्रांवर आला.

महादेव कोळी असल्याच्या एका दाव्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समिती आणि दक्षता पथक यांची पद्धत घालून दिली. महाराष्ट्राने २००० चा जात प्रमाणपत्र कायदा करून दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर ठेवली. २००० मध्ये मिलिंद खटल्यात घटनापीठाने सांगितले की यादी जशी आहे तशीच वाचायची. हलबा या नोंदीत हलबा-कोष्टी घुसवता येणार नाही.

पडताळणीत समित्या चालीरीती, कुलदैवत, बोली विचारू लागल्या. ही आप्तभाव चाचणी म्हणजे निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात स्पष्ट केले. घटनेपूर्वीच्या जुन्या नोंदींना सर्वाधिक वजन आहे. आजोबा शाळेत गेलेल्या घराला शाळेच्या प्रवेशनोंदींच्या जनरल रजिस्टरचे पान मिळते. पिढ्यान्‌पिढ्या वीटभट्टीसाठी गाव सोडणाऱ्या कातकरी कुटुंबाकडे मात्र असे पान क्वचितच असते.