अकोल्याचें वाचनालय आणि आगगाडी



वऱ्हाडांत सुधारणा आगगाडींतून उतरली, असें आपण सहज बोलून जातों. कापूस मुंबईस गेला, पैसा परत आला, आणि पैशापाठोपाठ शाळा, छापखाना, वाचनालय हीं आलीं, अशी ती हकीकत. ऐकावयास ती ठीक वाटते. पण अकोल्याच्या वाचनालयाचें साल पाहिलें म्हणजे ती उलटी पडते. आज बाबूजी देशमुख वाचनालय म्हणून ओळखली जाणारी ही संस्था १८६० सालची. वऱ्हाडांतून जाणारा लोहमार्ग नागपुरास पोंचला तो १८६७ सालीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास सोन्याचा भाव आला, तोही १८६१ नंतर. म्हणजे येथें पुस्तकें आलीं तीं बैलगाडीनें, आणि पैशाच्या आधीं.

मग तीं आणलीं कोणीं? १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. कचेऱ्यांतून फारसीची जागा मराठी घेऊं लागली, तेव्हां मराठी लिहिणारीं माणसें हवीं झालीं. कारकून, मास्तर, वकील देशावरून आणि कोंकणांतून येऊं लागले. रत्नागिरीस १८२८ पासून आणि पुण्यास १८४८ पासून ग्रंथालय होतें. चार वर्तमानपत्रें एका मेजावर पडलेलीं ज्यानें पाहिलीं, त्याला परमुलखांत सायंकाळ नुसती ओसरीवर काढणें जड जाणारच. वाचनालयाचें मूळ मी तरी ह्या सायंकाळींत शोधतों.

अर्थात् बदलीच्या नोकरांच्या जिवावर संस्था टिकत नाहीं. हुकूम आला कीं चिटणीस जातो, वर्गणी थकते, आणि घरीं नेलेलें पुस्तकही पेटींत बसून पार यवतमाळ गांठतें! संस्था जगते ती गांवच्या माणसांवर. ह्या वाचनालयास आज एका देशमुखांचें नांव आहे, हें मला त्या दृष्टीनें अर्थपूर्ण वाटतें. गांवाला वाचनाची गोडी लागली होती, ह्याची साक्षही आहे. अकोल्यास अध्यापन केलेले विष्णु मोरेश्वर महाजनी १९०७ सालीं पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९१२ सालीं तर संमेलनच अकोल्यास भरलें, आणि हरि नारायण आपटे त्याचे अध्यक्ष होते.

परंतु 'सार्वजनिक' हा शब्द त्या काळीं फार सैल वापरला जाई. वर्गणी भरील तो वाचक, हा अशा संस्थांचा सर्वसाधारण नियम. कापूस वेंचणारी बाई आणि सरकी वाहणारा मजूर ह्यांना तो दाराबाहेरच ठेवी. शिवाय हा तो प्रांत, जेथें १९२७ सालीं अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनासाठीं अस्पृश्यांस चळवळ करावी लागली. जेथें देवाचें दार बंद, तेथें पुस्तकाचें कितपत उघडें असेल, हें श्रोत्यांनींच ताडावें.

सरकारकडे पाहावें, तर तेथेंही वऱ्हाडच्या वांट्यास उशीरच आला. मुंबई सरकारनें १९३९ सालीं ग्रंथालयांच्या वाढीसाठीं फैजी समिती नेमली. पण वऱ्हाड तेव्हां मध्यप्रांतास जोडलेला, त्यामुळें तिच्या शिफारशी इकडे पोंचण्याचें कारणच नव्हतें. सार्वजनिक ग्रंथालयांस कायद्यानें मान्यता व अनुदान मिळण्याची सोय महाराष्ट्रांत झाली ती १९६७ सालीं. अकोल्याच्या वाचनालयास तोंवर १०७ वर्षें होऊन गेलीं होतीं.