फादर स्टीफन्स यांचे भाषाध्ययन

आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिली-अंकासाठी इतिहासविषयक चार शब्द लिहावेत, अशी मंडळींची आज्ञा झाली. इमारतीचा, घंटेचा व उदार देणगीदारांचा वृत्तांत अन्यत्र आलाच आहे. तेव्हा प्रस्तुत लेखक निराळा विषय घेतो. ज्या भाषेत लोक बोलतात ती भाषा पूर्वीच्या धर्मगुरूंनी कशी आत्मसात केली, आणि तिच्याच द्वारे धर्म कसा शिकविला, हा तो विषय होय. त्यास निमित्तही घरचेच आहे. घोडपदेवच्या चाळींतील बालकाच्या कानांवर आजीची मराठी, गल्लीतील हिंदी आणि शाळेतील इंग्रजी अशा तीन भाषा एका दिवसात पडतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो इंग्रजी उत्तरे खडाखड म्हणतो. पण त्यांचा अर्थ आजीस सांग म्हटले की गप्प होतो. आजीची 'नमो मारिया' तरी त्यास सर्व समजते काय? अर्धीच.

या गोष्टीचा विचार करू लागलो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडात जन्मलेला हा पुरुष रोम येथे येशू संघात प्रविष्ट झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात गोव्यास उतरला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते याच भूमीत राहिले. त्यांचे कार्यक्षेत्र साष्टी. आपल्या मुंबईलगतची साष्टी नव्हे, तर मडगाव व रायतूर ज्या प्रांतात येतात ती गोव्यातील साष्टी. येऊन चार वर्षे होतात न होतात तोच, १५८३ साली, आपल्या भावास धाडिलेल्या पत्रात त्यांनी लिहिले की, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी हाच विचार विद्वानांच्या सभेत मांडिला तो १७८६ साली. ज्या कानाने हे साम्य इतक्या लवकर टिपले, तो कान नुसत्या पोथीवर तयार झालेला नव्हता.

फादर स्टीफन्स यांनी गोव्याच्या बोलीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत रचिले. पोर्तुगीज लोक त्या बोलीस 'कानारी' म्हणत; आपण तिला कोंकणी म्हणतो. हा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. फादर दियोगु रिबैरू यांनी त्यात भर घातली, आणखी चार पाद्रींनी तो तपासून दुरुस्त केला, आणि १६४० साली रायतूरच्या कॉलेजात तो छापून निघाला. एका व्याकरणावर सहा जणांचा हात! भाषेचे शिक्षण हे एकट्याचे काम नव्हे, हे त्या मंडळींस ठाऊक होते.

त्या व्याकरणाचा साचा लॅटिनचा आहे: आधी अक्षरांचे उच्चार, मग नामे चालविणे, मग क्रियापदे, मग वाक्यरचना. कोणी म्हणेल, परक्या साच्यात आपली बोली कोंबली. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु शिकणारा कोण होता, हेही पाहिले पाहिजे. ज्याने सेमिनरीत लॅटिन घोकले आहे, त्यास नामाची तीन लिंगे व विभक्ती यांची धास्ती वाटत नाही. पोर्तुगीजात नपुंसकलिंगही नाही आणि विभक्तीही उरलेल्या नाहीत. म्हणून पोर्तुगालच्या पाद्र्यास स्वतःच्या मातृभाषेपेक्षा लॅटिनचीच वाट कोंकणीकडे जवळची पडली. शिष्यास जे आधीच येते त्यावर नवे बांधावे, हा शिक्षणाचा जुना नियम येथे पाळला आहे.

उच्चारांची अडचण याहून मोठी होती. रोमन लिपीत 'त' आणि 'ट', 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांना एकेकच अक्षर. ते एकसारखे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या जिभेवर भलतेच येणार. यास्तव मूर्धन्य वर्णांसाठी रोमन अक्षर दोनदा लिहिण्याची युक्ती योजिली गेली. 'पुराण' शब्दात 'न' चे अक्षर दुहेरी दिसले की वाचणाऱ्याने जीभ टाळूकडे वळवावी. आज आपल्या गायनवृंदातील कित्येक मुले मराठी गीते मोबाईलवर रोमन अक्षरांत उतरवून घेतात. तीत 'मन' आणि 'मण' यांत काही भेद राहत नाही. चारशे वर्षांपूर्वीचा परदेशी पाद्री या बाबतीत आपल्याहून अधिक सावध होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

व्याकरण पाद्र्यांसाठी, लोकांसाठी त्यांनी दुसरे काम केले. १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र, अशा सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथ मराठीत आहे. पण सामान्य जनांस सुलभ व्हावा म्हणून त्यात गोव्याच्या बोलीतील शब्द त्यांनी जाणूनबुजून मिसळले. ग्रंथारंभीचा प्रसंग चिंतनीय आहे. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण येतो आणि विचारतो की, आमची जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? या प्रश्नामागे दुःख आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पोर्तुगीज अमलात देवळे मोडली गेली, पोथ्या नष्ट केल्या गेल्या. लोकांच्या हातांतून ग्रंथ काढून घेतले, पण त्यांच्या कानांतून ओवी काढून घेता आली नाही. फादर स्टीफन्स यांनी ती ओवीच हाती धरली. शिकविणाऱ्याने शिष्याच्या चालीवर स्वतः जाऊन बसावे, याचे दुसरे इतके मोठे उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात मला दिसत नाही.

याच्या अगदी उलट प्रयोग १६८४ साली झाला. व्हाइसरॉय कौंत द आल्व्हर यांनी हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे आणि स्वतःची भाषा टाकावी. परिणाम काय झाला? १८५७ साली गोवे सरकारचे सचिव कुन्य रिव्हार यांनी फादर स्टीफन्स यांचे तेच व्याकरण नव्याने छापून काढले. पावणेदोनशे वर्षांनंतरही लोक आपल्याच बोलीत बोलत होते!

आपल्या बाजूचीही हकीकत थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकातच फ्रान्सिस्कन पाद्री फ्रांसिस्कु व्हाज द गिमराइंश यांनी वसई-मुंबईकडील ख्रिस्ती लोकांच्या बोलीत प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण रचिले, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रण झाले. आपल्यापैकी ज्यांची मूळ घरे नगर जिल्ह्यात आहेत, त्यांस 'निरोप्या' मासिक परिचित असेल. ते १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने सुरू केले. मिस्सा मात्र या सर्व काळात लॅटिनमध्येच चाले. ती लोकभाषेत करण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली अनुज्ञा दिली.

इंग्रजी शाळेत मुले घालू नयेत, असे कोणी यावरून समजू नये. पोटाचा प्रश्न आहे, आणि गोदीत व गिरणीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी नातवंडांसाठी ती शाळा निवडली, यात वावगे काहीच नाही. मला खंत वाटते ती निराळी. मूल इंग्रजीत चुकले तर घरात त्यास सुधारतात. मराठीत चुकले तर हसतात, आणि हसल्या ठिकाणी मूल पुन्हा तोंड उघडीत नाही.

फादर स्टीफन्स यांच्या पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून ते पुन्हा वर आले. १९०७ साली मंगळूरास ते रोमन लिपीत निघाले. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी पोथीकडे जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली. १९९६ साली फादर कारिदाद द्राग यांची आवृत्ती आली. तिची एक प्रत आपल्या वाचनालयाच्या कपाटात आहे. या ज्युबिली वर्षात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर तिचे वाचन होईल. वाचतील वडीलधारी मंडळी. अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारण्याचे काम मुलांचे. आजी-आजोबांनी नातवंडांस बरोबर आणावे, आणि चष्मा विसरू नये.