आग की पाणी? ग्रॅनाइटच्या जन्माचं भांडण

आजचा विषय ग्रॅनाइट. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा नाही, डोंगरातला. (तसंही, दुकानात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून जो काळा कुळकुळीत दगड मिळतो तो भूशास्त्राच्या हिशोबात बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो.)

खरा ग्रॅनाइट बघायचा तर 'शोले' लावा. गब्बरचा अड्डा ज्या टेकड्यांमध्ये आहे, त्या बंगळुरूजवळच्या रामनगरच्या. पिक्चर १९७५ सालचा, आणि दगड साधारण २५० कोटी वर्षांपूर्वीचा. रामनगरचं इंग्रजी अमलातलं नाव क्लोजपेट. म्हैसूरचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्या नावावरून ते पडलं, म्हणून भूशास्त्रात हा 'क्लोजपेट ग्रॅनाइट'. दक्षिणोत्तर चारशेएक किलोमीटर लांब पण रुंदीला चिंचोळा असा हा पट्टा आहे. हंपीचे ते एकावर एक रचल्यासारखे धोंडेही याच कुळातले.

आता गंमत बघा. लाव्हा थिजून बेसाल्ट होताना माणसानं पाहिलाय. हवाईला जा, आजही दिसेल. पण ग्रॅनाइट तयार होताना आजवर कुणीही पाहिलेला नाही, कारण तो जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल तयार होतो. मग तो वितळलेल्या रसातून झाला, हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? या प्रश्नावर युरोपात जवळजवळ दोनशे वर्षं भांडण चाललं. आज ते भांडण सांगतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात आब्राहाम वेर्नर शिकवत होता. युरोपभरातून मुलं त्याच्याकडे यायची. त्याचं म्हणणं असं: सुरुवातीला सगळ्या पृथ्वीवर एकच समुद्र होता, आणि त्या पाण्यात विरघळलेली द्रव्यं थरावर थर खाली बसत गेली. सगळ्यात आधी बसला तो ग्रॅनाइट. म्हणजे ग्रॅनाइट हा आद्य खडक, जगाचा पाया. या मंडळींना समुद्रदेवाच्या नावावरून 'नेपच्यूनवादी' म्हणायचे.

आणि हे काही खुळ्यासारखं बोलणं नव्हतं बरं का. त्यांचा एक आक्षेप बिनतोड होता. दगड वितळवून थंड केला तर काच होते. ग्रॅनाइटमध्ये तर गुलाबी-पांढरे फेल्डस्पारचे खडे, राखाडी गारगोटी, काळा चमचमता अभ्रक असे सुटे सुटे स्फटिक दिसतात. मग तो आगीतून आला कसा?

समोरच्या बाजूला एडिंबराचा जेम्स हटन. शिक्षण डॉक्टरकीचं, पण डॉक्टरकी केली नाही. शेती केली, नवसागराच्या धंद्यात भागी होती, आणि बाकी वेळ दगड बघत हिंडणं. १७८५ साली एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढं त्यानं आपला सिद्धान्त मांडला: पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे, आणि खडक घडवण्यात तिचाच मोठा वाटा आहे. सिद्धान्त आधी मांडला आणि ग्रॅनाइटचा पुरावा शोधायला नंतर निघाला, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी सप्टेंबरात तो मित्र जॉन क्लार्कबरोबर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला. विचार सरळ होता. ग्रॅनाइट जर आधीचा असेल, तर बाकीचे खडक त्याच्यावर मुकाट बसलेले दिसतील. पण तो वितळलेल्या रूपात नंतर खालून घुसला असेल, तर त्याच्या शिरा वरच्या खडकात शिरलेल्या दिसायला हव्यात. टिल्ट नदीच्या पात्रात नेमकं तेच सापडलं. काळसर जुन्या खडकाच्या चिरफळ्या करत लालसर ग्रॅनाइट आत घुसला होता. हटनला इतका आनंद झाला, की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं, याला सोन्याचांदीची शीरच सापडली! ही हकिकत त्याचा मित्र प्लेफेअर यानं लिहून ठेवली आहे.

त्या शिरांचा अर्थ काय? जो घुसतो तो नंतरचा. म्हणजे ग्रॅनाइट जगाचा पाया नव्हे. त्याच्याही आधी इथं खडक होते. आणि त्यांच्याही आधी? याला अंत दिसेना. त्या काळी युरोपात पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं धरणारे कमी नव्हते. दगडातल्या त्या बोटभर शिरांनी त्या हिशोबालाच हात घातला होता.

पण काचेचा आक्षेप तसाच होता. त्याला उत्तर दिलं हटनच्या तरुण मित्रानं, सर जेम्स हॉल यानं. लीथच्या काचकारखान्यात त्याला कळलं, की वितळलेली काच फार हळू थंड झाली तर तिची पारदर्शकता जाते आणि ती दगडासारखी, स्फटिकांची होते. दगडावर हाच प्रयोग करावा असं त्याच्या मनात आलं. पण हटनला भट्टीतले प्रयोग पटत नसत. एवढ्याशा मुशीत डोकावून पृथ्वीच्या कारभाराचा निवाडा कसा करणार, असं त्याचं मत. हॉलनं त्याचा मान राखला आणि थांबला. १७९७ मध्ये हटन गेला, आणि १७९८ मध्ये हॉलनं प्रयोग जाहीर केले. एडिंबराच्या आसपासचा बेसाल्टी दगड त्यानं वितळवला. झटकन थंड केला तर काच. सावकाश थंड केला तर पुन्हा स्फटिकांचा दगड.

हे आपल्याला स्वयंपाकघरातही दिसतं. चिक्कीचा पाक ताटावर ओतला की झटकन काचेसारखा होतो. तीच साखर दाट पाकात दोरा सोडून दिवसेंदिवस राहू दिली की खडीसाखर होते. वेळ मिळाला की स्फटिक मोठे होतात. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट उघड्यावर लवकर थिजला म्हणून त्याचा कण बारीक. ग्रॅनाइट जमिनीखाली वर्षानुवर्षं निवत राहिला म्हणून तो भरड.

इथं भांडण मिटायला हवं होतं. मिटलं नाही. विसाव्या शतकात नवा प्रश्न आला: शेकडो घन किलोमीटर ग्रॅनाइट आत घुसला म्हणता, तर तिथले आधीचे खडक गेले कुठं? जागा कशी झाली? त्यावर काही जणांनी म्हटलं, घुसला वगैरे काही नाही. जुन्या खडकांतच गरम पाणी आणि द्रव्यं झिरपली आणि ते जागच्या जागी ग्रॅनाइट झाले. इंग्लंडचा एच. एच. रीड या बाजूचा मोठा पुरस्कर्ता. समोर अमेरिकेत नॉर्मन बोवेन, शिलारसाचा कट्टर पक्षधर. १९४७ च्या डिसेंबरात ओटावाला यावर खास चर्चा झाली आणि चांगली जुंपली.

निकाल पुन्हा भट्टीनंच दिला. टटल आणि बोवेन यांनी ग्रॅनाइटची द्रव्यं दाबाखाली, पाण्यासह तापवली. कोरडी असताना ती वितळायला साडेनऊशे ते हजार अंश सेल्सियस लागतात. दाबाखाली पाणी असेल तर साडेसहाशेच्या आसपासही वितळू लागतात. पॉट आईस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकतो ना, बर्फ एरवीपेक्षा थंड असतानाच वितळावा म्हणून? दगडात ते काम पाणी करतं. हे काम १९५८ साली छापलं गेलं. बोवेन ते बघायला नव्हता. तो १९५६ मध्ये वारला.

आज चित्र साधारण असं आहे. भूकवचाच्या तळाशी, वीस-चाळीस किलोमीटर खोल, प्रावरणातून आलेला तप्त रस उष्णता पुरवतो. तिथल्या खडकांतल्या अभ्रक, हॉर्नब्लेंड अशा खनिजांत थोडं पाणी बांधलेलं असतं. ती फुटली की पाणी सुटतं. सगळा खडक नाही वितळत, थोडाच भाग वितळतो. बर्फाचा गोळा चोखताना सरबत आधी येतं आणि पांढरा बर्फ मागं राहतो, तसं. हा रस आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून भेगांतून वर चढतो, वाटेत कुठंतरी अडतो आणि निवतो. तोही एका दमात नाही, हप्त्याहप्त्यानं, कधी लाखो वर्षं. जागेच्या कोड्याचं बरंचसं उत्तर या हप्त्यांत आहे. क्लोजपेटमध्ये प्रावरणातला रस आणि जुन्या कवचाचा रस मिसळल्याच्या खुणा आहेत. शिवाय दक्षिणेकडं त्याचे खोलवरचे भाग उघडे पडलेत आणि उत्तरेकडं वरवरचे, त्यामुळे एकाच पट्ट्यात मुळापासून शेंड्यापर्यंतचा प्रवास बघता येतो.

मला या गोष्टीत सगळ्यात विचार करायला लावतात ते हरलेले लोक. ग्रॅनाइट समुद्रात खाली बसला नाही, तिथं वेर्नर साफ चुकला. पण पाण्याशिवाय पृथ्वीवर एवढा ग्रॅनाइट झाला नसता, हेही खरं. समुद्राचं पाणी मुरलेले खडक खाली जातात, तापतात, वितळतात. आपल्यासारखे ग्रॅनाइटी खंड सूर्यमालेत दुसरीकडं सापडलेले नाहीत. वेर्नरच्या पोरांनी पाणी चुकीच्या जागी शोधलं, एवढंच. आणि त्यांचा तो काचेचा आक्षेप नसता, तर हॉलनं भट्टी पेटवली असती का?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कर्नाटक-स्कॉटलंडचं, आपल्याकडं काय? पूर्व विदर्भात, गोव्यात काणकोणला ग्रॅनाइट उघड्यावर आहे. आणि उरलेल्या महाराष्ट्रात तो पायाखाली आहे. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी पायाच लागला. वरचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, खालचा शेकडो कोटी वर्षांचा.

हंपीला गेलात तर देवळं बघालच. पण एखाद्या फुटक्या धोंड्याजवळ पाच मिनिटं थांबा. गुलाबी खडे शोधा, अभ्रक शोधा. मध्येच काळसर गोळे दिसले तर त्यांचे फोटो जरूर पाठवा. त्यांच्यावर एक वेगळा भाग करू. तोवर नमस्कार.